दिशा बदलावी की नेटाने चालत राहावं? छापखान्यातल्या दोन चुकांवरून

धंद्याची दिशा ठरवताना माझ्या हातून दोन मोठ्या चुका झाल्या. एकदा बदलायला चार वर्षं उशीर केला आणि एकदा गरज नसताना बदललं. दुसरी चूक पहिलीच्या धसक्यातून झाली, हे बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

पहिली चूक बिलबुकांची. तीन प्रतींची, पांढरी-गुलाबी-पिवळी, क्रमांक टाकलेली बिलबुकं छापखान्यात वडिलांच्या काळापासून छापली जायची. एका वर्षी ४१२ गिऱ्हाईकं होती. पुढच्या वर्षी ३७१, मग ३१८, मग २४०. दर वर्षी आमच्याकडे कारण तयार असायचं: विक्री बघणारा मुलगा सोडून गेला, कागद वेळेवर मिळाला नाही, बाजार मंद आहे. कारण दर वर्षी वेगळं आणि आकडा मात्र दर वर्षी खालीच. हे चार आकडे मी आणि माझ्या धाकट्या भावाने एकदाही एका कागदावर एकाखाली एक लिहून पाहिले नाहीत.

दुसरी चूक लेबलांच्या वेळची. बाटल्यांवर चिकटवायची लेबलं हा आमचा चांगला चालणारा धंदा. सलग सात महिने ऑर्डरी घसरल्या. बिलबुकांचा चटका ताजा होता, म्हणून ठरवलं की या वेळी थांबायचं नाही. घरोघरीच्या लोकांसाठी फोटोबुकं छापायला घेतली. नवं यंत्र, नवी माणसं, नवी जाहिरात. दीड वर्षाने सगळं गुंडाळलं. ते गुंडाळताना आमच्या मशीनवरचे काका म्हणाले, "ताई, लेबल आपलं चांगलंच होतं. ते वेळेवर कुठे जात होतं?" डाय-कटिंगवरचा, म्हणजे साच्याने लेबलांचे आकार कापणारा, जुना माणूस निवृत्त झाल्यापासून माल आठ-आठ दिवस उशिरा जात होता. चाक पंक्चर झालं होतं आणि मी रस्ता बदलून बसले होते.

त्यानंतर असा प्रश्न आला की मी काय करते, ते खाली लिहिलं आहे. क्रम महत्त्वाचा आहे. पहिली पायरी गाळून पुढच्या केल्या तर वेळ वाया जातो.

आधी गेलेल्या गिऱ्हाइकांना फोन

गेल्या दीड वर्षात ज्यांनी एकही ऑर्डर दिली नाही, त्यांची यादी काढा. आहेत त्या गिऱ्हाइकांना विचारून फारसं हाती लागत नाही, ते भिडेखातर बरंच बोलतात. गेलेल्यांना स्वतः फोन करा, विक्रीच्या माणसाला करायला लावू नका. आणि "आमच्याकडून घेणं का बंद केलंत?" असं विचारू नका. त्यावर दहातले आठ जण "दर परवडत नाही" म्हणतात, कारण ते उत्तर सोपं आणि कुणाला न दुखवणारं असतं. विचारायचं ते असं: "हे काम आता कसं भागवता?"

उत्तरांचे ढीग करा. तेच काम दुसऱ्याकडून करून घेणारे एका ढिगात. तीच गरज वेगळ्या साधनाने भागवणारे दुसऱ्यात. ती गरजच न उरलेले तिसऱ्यात. धंदा बंद केलेले किंवा स्वतःच अडचणीत असलेले चौथ्यात, आणि चौथा ढीग बाजूला ठेवा.

पहिला ढीग मोठा असेल तर तुमची दिशा बरोबर आहे, काम बिघडलं आहे. अशा वेळी दिशा बदलली तर तेच बिघडलेलं काम नव्या धंद्यात घेऊन जाल. दुसरा आणि तिसरा मोठा असेल तर कितीही चांगलं काम केलं तरी गिऱ्हाईक परत येणार नाही.

बिलबुकांच्या वेळी मी ६० फोन केले, अर्थात चार वर्षं उशिरा. ४१ जण म्हणाले, बिल संगणकावरून निघतं. फक्त ९ जण दुसऱ्या छापखान्यात गेले होते. बाकीचे चौथ्या ढिगातले. लेबलांच्या बाबतीत, तेही उशिराच, २३ गेलेल्यांना विचारलं, तर १७ जण तेच लेबल, तशाच कागदावर, दुसऱ्याकडून छापून घेत होते. दोन दुपारी पुरतील एवढे फोन होते. ते आधी केले असते तर दीड वर्ष वाचलं असतं.

या फोनांतून आणखी एक गोष्ट मिळते. बिलबुकं सोडलेल्या त्या ४१ जणांपैकी सहा जण सहज बोलता बोलता म्हणाले की बिलाचं भागतं, पण खोक्यांवर लावायला बारकोडच्या लेबलांचे रोल लागतात आणि थोडे हवे असले की कुणी देत नाही. पुढची दिशा मला तिथून मिळाली. कुठल्याही बैठकीत ती कुणाला सुचली नव्हती.

बदलायचं, तर कशाच्या जोरावर

सगळा व्यवसायच आटतो आहे असं दिसलं, की माणूस नावाने जवळची वाटणारी वाट धरतो. इथे कोडॅक आणि फुजीफिल्म या कॅमेऱ्याची फिल्म बनवणाऱ्या दोन कंपन्यांची गोष्ट मला फार उपयोगी पडली. कोडॅकने डिजिटल कॅमेऱ्याकडे पाहिलंच नाही, असं लोक सांगतात. ते तितकंसं खरं नाही. पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ मध्ये त्यांच्याच स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने बनवला होता, आणि २००५ मध्ये अमेरिकेत डिजिटल कॅमेरे विकण्यात कोडॅक पहिल्या क्रमांकावर होती. म्हणजे बदल झाला होता. पण फिल्मच्या एकेका रोलवर जो नफा सुटायचा तो कॅमेऱ्यात नव्हता, आणि पुढे साधे कॅमेरे फोनने गिळले. जानेवारी २०१२ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी कोर्टात गेली.

फुजीफिल्मलाही तोच फटका बसला. रंगीत फिल्मची मागणी २००० च्या सुमारास शिखरावर होती आणि दहा वर्षांत ती दहाव्या हिश्श्याच्याही खाली आली. त्यांनी वेगळा प्रश्न विचारला: फिल्म बनवताना आपल्याला नेमकं काय येतं? पातळ थर अगदी सारखे चढवता येतात, कोलॅजेनचं (त्वचेत असणारं आणि फिल्मवरच्या जिलेटिनचं मूळ असलेलं प्रथिन) काम येतं, रंग उडू नये म्हणून ऑक्सिडेशन, म्हणजे ऑक्सिजनमुळे होणारं बिघडणं, रोखता येतं. त्यातून सपाट पडद्यांना लागणाऱ्या संरक्षक फिल्म आल्या, आणि पुढे त्वचेची प्रसाधनंसुद्धा. ऐकायला विचित्र वाटतं, पण कोलॅजेन दोन्हीकडे तेच.

म्हणून "आम्ही काय विकतो" ही यादी बाजूला ठेवा आणि "आम्हाला काय जमतं" ही यादी करा. आमची यादी लहान होती: रोलवर छापणं, आकार कापणं, प्रत्येक नगावर न चुकता वेगळा क्रमांक टाकणं. तिसरी गोष्ट बिलबुकांनी शिकवली होती आणि ती थेट बारकोडमध्ये उतरली. फोटोबुकात या तिन्हींपैकी एकही लागत नव्हती. छपाई हा शब्द तेवढा सारखा होता.

यंत्राचे तास मोजा

इंटेल ही कंपनी १९६८ मध्ये मेमरी चिप, म्हणजे संगणकात माहिती साठवणाऱ्या चिप, बनवण्यासाठी सुरू झाली. १९८०च्या दशकाच्या मध्यावर जपानी कंपन्यांनी त्या बाजारात तिला मागे टाकलं. १९८५ मध्ये कंपनीचे अध्यक्ष अँडी ग्रोव्ह यांनी तिचे प्रमुख गॉर्डन मूर यांना विचारलं, आपल्याला काढून संचालकांनी नवा प्रमुख आणला तर तो काय करेल? मूर म्हणाले, मेमरीतून बाहेर पडेल. मग आपणच दारातून बाहेर जाऊन परत येऊ आणि ते करू, असं ग्रोव्ह म्हणाले.

हा प्रश्न स्वतःला विचारावाच. फक्त एक पथ्य पाळा: "नवा माणूस" कल्पनेत आणताना त्याला तुमचं बँकेचं कर्ज, तुमची माणसं आणि तुमची यंत्रं देऊनच आणा. मोकळ्या हाताने आलेला माणूस काहीही ठरवू शकतो.

या गोष्टीतला कमी सांगितला जाणारा भाग मला जास्त कामाचा वाटतो. इंटेलच्या कारखान्यात उत्पादनाची क्षमता वाटून देण्याचा नियमच असा होता की ज्या मालात नफा जास्त, त्याला जागा आधी. त्यामुळे वरच्या लोकांनी निर्णय घेण्याच्या कितीतरी आधी कारखाना मेमरीकडून मायक्रोप्रोसेसरकडे, म्हणजे संगणकाचा मेंदू असलेल्या चिपकडे, सरकलेला होता.

तुमच्याकडेही असं काही घडून गेलं असेल. तीन महिन्यांचे यंत्राचे तास, माणसांचे तास आणि नफा, प्रत्येक मालाप्रमाणे वेगळा काढा. शेजारी लिहा की त्या मालावर बैठकांत किती वेळ गेला. आमच्याकडे बिलबुकांना यंत्राचे बारा टक्के तास जात होते, आणि बैठकांतला निम्म्याहून जास्त वेळ त्यांच्यावर जायचा. यंत्र पुढे निघून गेलं होतं, आम्ही दोघं मागे बसून भांडत होतो.

चिकाटी की हट्ट

बदला म्हणणं सोपं असतं, कारण बदलात काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. टिकून राहणं कधी शहाणपणाचं, हे ओळखणं जास्त अवघड. मी एकच खूण धरते: जी अडचण सुटली की धंदा उभा राहील, त्या अडचणीचा आकडा हलतो आहे का?

नेदरलँड्समधल्या एएसएमएल कंपनीने अतिसूक्ष्म चिप कोरण्यासाठी टोकाच्या अतिनील प्रकाशाचं यंत्र बनवायला घेतलं. पहिली चाचणी-यंत्रं २०१० च्या सुमारास गिऱ्हाइकांकडे पोहोचली आणि त्यावर बनलेल्या चिप मोठ्या प्रमाणावर बाजारात यायला २०१९ उजाडलं. मधल्या वर्षांत "हे कधी होणारच नाही" म्हणणारे पुष्कळ होते. पण अडचण नेमकी ठाऊक होती: प्रकाशाच्या स्रोताची ताकद कमी पडत होती. गरज होती २५० वॅटच्या आसपास, सुरुवातीला हातात होते जेमतेम काही वॅट. तो आकडा वर्षागणिक चढत गेला आणि २०१७ मध्ये २५० वॅट दाखवता आले. शिवाय २०१२ मध्ये इंटेल, टीएसएमसी आणि सॅमसंग या चिप बनवणाऱ्या गिऱ्हाइकांनीच कंपनीत पैसा घातला. उशीर होत होता, पण आकडा चढत होता आणि गिऱ्हाईक स्वतःचे पैसे लावून थांबलं होतं. या दोन्ही गोष्टी असतील तर थांबावं.

तुमचा "वॅट" कोणता, हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर मात्र धोका आहे. "लोकांना अजून महत्त्व कळलेलं नाही" हा आकडा होत नाही. "पहिली ऑर्डर दिलेल्यांपैकी किती जण दुसरी देतात" हा आकडा होतो.

आजवर किती पैसा घातला, ते या हिशेबात धरू नका. काँकॉर्ड विमानावर ब्रिटन आणि फ्रान्स १९६२ पासून पैसा ओतत राहिले, आणि शेवटी विमान कंपन्यांच्या सेवेत गेली ती अवघी १४ विमानं. आम्ही बिलबुकांचं क्रमांक टाकणारं यंत्र "एवढ्यात घेतलंय" म्हणून दोन वर्षं विकलं नाही. तेवढ्यात त्याचा भाव भंगाराच्या वर फारसा उरला नाही. आज ते यंत्र तुमच्याकडे नसतं, तर याच कामासाठी आज विकत घेतलं असतं का? उत्तर नाही असेल, तर विषय तिथेच संपला.

तारीख आणि आकडा आधी लिहा

हे सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी लोक करतात. डोकं शांत असताना, निर्णयाची वेळ यायच्या आधी, कागदावर तीन ओळी लिहा. आपण काय खरं मानून चाललो आहोत. ते खरं असेल तर अमुक तारखेला कोणता आकडा दिसला पाहिजे. नाही दिसला तर काय करायचं आणि ते कोण ठरवणार. खाली सगळ्या भागीदारांच्या सह्या घ्या. सहीशिवाय कागद असला की तारीख जवळ आल्यावर प्रत्येकाला आकडा वेगळा आठवतो.

बारकोडच्या छोट्या रोलांसाठी आम्ही लिहिलं होतं: ३० सप्टेंबरपर्यंत १५ गिऱ्हाइकांनी किमान दोनदा ऑर्डर दिलेली असेल, नाहीतर काम थांबवायचं. प्रत्यक्षात ९ झाली. नियमाप्रमाणे बंद करायला हवं होतं. भाऊ म्हणाला, "ताई, नऊ म्हणजे काही वाईट नाहीत." नेमका हाच मोह टाळायला कागद केला होता. पण त्या नऊ जणांची नावं पाहिली तर सात जण एकाच प्रकारचे निघाले: कमी संख्येत प्रसाधनं बनवणारे, ज्यांना दर महिन्याला लेबलावरचा मजकूर बदलावा लागतो. मग आम्ही बाकी सगळ्यांसाठी काम थांबवलं आणि फक्त त्यांच्यासाठी चालू ठेवलं, नवा कागद आणि नवी तारीख लिहून. आकडा चुकला की ताबडतोब कुलूप लावा, असं मी म्हणत नाही. आकडा चुकला की आत कोण आहे ते पाहा, आणि पुढे जायचं तर नव्या सह्यांनिशी जा.

याच कागदावर आणखी एक संख्या हवी: नव्या कामातून काहीही आलं नाही तरी पगार किती महिने देता येतील. जी संख्या येईल तिच्या निम्मीच खरी धरा. माझ्या अनुभवात नवं काम पायावर उभं राहायला अंदाजाच्या दुप्पट वेळ लागला आहे. निम्मे केल्यावर तीन-चार महिनेच उरत असतील, तर दिशेची चर्चा थांबवा आणि आधी थकलेली वसुली करा.

वळताना

ठरलं बदलायचं, तरी सगळं एकदम वळवू नका. जेसीपेनी या अमेरिकी दुकानसाखळीने २०१२ मध्ये सवलतीची कुपनं आणि सेल बंद करून रोजच ठरलेले दर ठेवले, तेही मोजक्या दुकानांत आजमावून न पाहता सगळीकडे. त्या वर्षात विक्री साधारण एक चतुर्थांशाने पडली आणि हा बदल आणणारे प्रमुख रॉन जॉन्सन एप्रिल २०१३ मध्ये पदावरून गेले. आजमावतानाही प्रश्न बरोबर हवा. कोका-कोलाने १९८५ मध्ये नवी चव आणण्याआधी जवळपास दोन लाख लोकांना ती चाखायला दिली होती. "जुनी बंद झाली तर चालेल का?" हे मात्र नीट तपासलं गेलं नाही, आणि ७९ दिवसांत जुनी चव परत आणावी लागली.

जुन्या कामाचा गळा लगेच दाबू नका, ते नव्याला पोसत असतं. नेटफ्लिक्सने ऑनलाइन चित्रपट दाखवायला २००७ मध्ये सुरुवात केली आणि टपालाने डीव्हीडी पाठवणं बंद केलं २०२३ मध्ये. मधे २०११ मध्ये दोन्ही कामांचे दर वेगळे करून भाव वाढवला आणि डीव्हीडीला नवं नाव द्यायची घाई केली, तेव्हा एका तिमाहीत अमेरिकेतले सुमारे आठ लाख सभासद गेले आणि नव्या नावाची योजना महिन्याभरात मागे घ्यावी लागली. दिशा बरोबर होती, वळण चुकलं.

घोषणा शेवटी करा. नोकियाने फेब्रुवारी २०११ मध्ये जाहीर केलं की फोन चालवणारी आपली जुनी सिम्बियन प्रणाली सोडून मायक्रोसॉफ्टच्या विंडोजवर जाणार. नवा फोन दुकानात आला नोव्हेंबरमध्ये. मधले नऊ महिने, मालकानेच सोडून दिलेला फोन कोण घेणार? आमच्याकडे मी फोटोबुकांची घोषणा एवढ्या थाटात केली की लेबलांच्या दोन जुन्या गिऱ्हाइकांनी "तुम्ही लेबलं बंद करताय ना" म्हणून स्वतःच दुसरीकडे सोय केली.

शेवटी स्वतःकडेही संशयाने पाहा. मला फोटोबुकं का हवीशी वाटली, याचं खरं कारण असं की अकरा वर्षं लेबलं करून मला कंटाळा आला होता. माझ्या कंटाळ्याशी गिऱ्हाइकाला काही देणंघेणं नव्हतं, त्याची बाटली रोज नवीच असते. त्या वेळी घेतलेल्या सल्लागारानेही नव्या दिशेच्या बाजूनेच सुंदर अहवाल दिला. पुढे कळलं की फोटोबुकाचं यंत्र विकणाऱ्यांशी त्याचा व्यवहार होता. तेव्हापासून मी सल्ला घेताना आधी विचारते, "मी काहीच बदललं नाही, तर तुमचं काय नुकसान?" आणि मशीनवरच्या माणसाला आणि वसुली करणाऱ्याला न विचारता काही ठरवत नाही. गिऱ्हाईक पैसे द्यायला टाळाटाळ कधीपासून करू लागलं, हे वसुलीवाल्याला विक्रीवाल्याच्या आधी कळतं.

बिलबुकं आम्ही आता छापत नाही. वर्षातून पाच-सहा जण अजून विचारायला येतात. त्यांना दुसऱ्या छापखान्याचा नंबर देतो आणि काका वहीच्या मागच्या पानावर तारखेसकट एक रेघ ओढतात. यंदा आतापर्यंत चार रेघा झाल्या आहेत.